निवळ्या बुडाल्या

रविवारी भाग्याला शाळा नसते, म्हणून तिला घेऊन मी शेतात जाते. घरी तिला सांभाळायला कुणी नसतं, आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बोंडांवर आली की शेतात माणसं पुरत नाहीत. तलमडुगुच्या आमच्या त्या शेतात तिची आवडती जागा एकच, बोअरजवळचा सिमेंटचा हौद. माझी सगळ्यात नावडती जागाही तीच. कठडा तिच्या छातीएवढा आणि आत पाणी तिच्या डोक्यावरून जाईल इतकं खोल. मी खुरपं घेऊन निंदत असले तरी अर्धं लक्ष तिकडेच. "सपनाचे हात पऱ्हाटीच्या तासात अन् डोये हौदावर," असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मथुराबाई, चारचौघींत सांगतात, आणि सगळ्या हसतात. हसू देत.

हौदात निवळ्या आहेत. लांब पायांचे ते बारके किडे पाण्यावर उभे राहतात, झटका मारून सरकतात, पुन्हा उभे राहतात. भाग्या कठड्यावर हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत बसते. ती पाच वर्षांची आहे, आणि तिचा प्रश्न दर रविवारी तोच असतो.

"आई, ह्या बुडत काऊन नाहीत?"

मी बीएस्सी केलंय, आदिलाबादला. त्यातलं जे थोडं कामी येतं त्यात हे एक. मी तिला सांगते, पाण्याचे सगळे कण एकमेकांना धरून असतात. आतल्यांना चहूकडून धरणारे मिळतात, पण अगदी वरच्यांना वरून धरायला कुणीच नाही, म्हणून ते शेजारच्यांना जास्तच ओढून धरतात. मग वरचं पाणी ताणल्यासारखं होतं, कुरड्या वाळवायला आपण बाजेवर लुगडं ताणतो तसं.

"अन् पाय?"

"पायांवर केस असतात, तुझ्या केसांहून कितीतरी बारीक. त्यात हवा अडकून बसते. म्हणून पाय ओलाच होत नाही. बघ, पायाखाली नुसता खळगा पडलाय."

ऊन असलं की त्या खळग्यांच्या गोल सावल्या हौदाच्या तळाला दिसतात, पायांपेक्षा कितीतरी मोठ्या. किडा सरकला की सावल्याही सरकतात. भाग्याला त्या किड्यांपेक्षा जास्त आवडतात.

"मंग मी चालली त?"

"तू जड आहेस. तुझ्याखाली ते फाटेल. कठड्यावर पाय जरी ठेवलास ना, तर बघ."

इतकं दरडावून सांगायला नको असं मला नंतर वाटतं. पण त्या वेळी तोंडी तेच येतं.

त्या रविवारी फवारणी होती. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळीच बैलांच्या बंडीवर ड्रम चढवला. आमचं शेत लांबट आहे. ड्रम बंडीवर असला की बैल जुंपून थेट त्या टोकाला नेता येतो, पाठीवरच्या पंपासाठी परत परत हौदापर्यंत यावं लागत नाही. हौदातलं पाणी छोट्या मोटारीनं ड्रममध्ये चढवायचं, त्यात औषध ओतायचं आणि शॅम्पूच्या पुड्या फोडून टाकायच्या. इकडे सगळेच टाकतात. नुसतं औषध पऱ्हाटीच्या पानावर थांबत नाही, थेंब होऊन गळून जातं. शॅम्पू असला की थेंब पसरतो आणि पान ओलं होतं.

ड्रम भरत आला आणि विजेची लाइन गेली. मामाजींनी औषध आणि शॅम्पू ओतून काठीनं ड्रम ढवळला, वर पोतं टाकलं आणि बैलांना पाजायला नाल्यावर घेऊन गेले. माझे मिस्टर, सुरेंद्र, धुऱ्यावरच्या, बांधावरच्या झाडाखाली पंपाचं नोझल खोलून बसले होते. आत्याबाई आणि मी निंदत होतो. औषधाचा वास सगळीकडे होताच. फवारणीच्या दिवशी तो असतोच, मग त्याच्याकडे कोण लक्ष देतं?

"आई," भाग्यानं हाक मारली, "निवळ्या पाण्यात चालल्या."

मला ऐकू आलं ते एवढंच, की पाण्यात. मी खुरपं टाकून धावले. भाग्या कठड्याच्या बाहेरच होती, कोरडी. मी तिला इतकी घट्ट ओढली की ती चिडली.

"मी नाही! त्या!"

मी वाकून पाहिलं. दोन-तीन निवळ्या पाण्याच्या खाली होत्या. वर नाही, खाली. पाय हलत होते, पण त्यांच्या खाली काही उरलंच नव्हतं. एक अजून वर होती. तिचे पुढचे पाय आत गेले, ती उचलायला बघत होती, मग मागचे गेले, आणि ती वाकडी होऊन हळूहळू उतरू लागली. तळाला एकही गोल सावली नव्हती. कठड्याच्या कडेला बारीक फेस चिकटला होता.

फेस पाहिला आणि माझ्या लक्षात आलं. पाण्याचा ताण सुटला होता. तो आपोआप सुटत नाही. त्यात साबण तरी पडावा लागतो, नाहीतर...

"भाग्या, तू ह्यातलं पाणी प्यालीस?"

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "बोअरचा नळ बंद होता ना. मंग मी गिलासनं घेतलं. पडली नाही मी, आई."

"किती? किती प्यालीस?"

"तहान लागली होती."

तिचा स्टीलचा ग्लास कठड्यावर होता. रिकामा. मी तो नाकाशी नेला, पण वास हवेतच इतका होता की काही कळेना. मी तिला जीभ बाहेर काढायला लावली, डोळे बघितले. मला डोळ्यांतलं काय कळणार होतं! "पोट दुखतं? गरगरतं?" ती प्रत्येकाला नाही म्हणत होती, आणि मला एकही नाही खरं वाटत नव्हतं.

आत्याबाई आल्या. मागोमाग नाल्याकडून मामाजी आले, हातात बैलांचे कासरे.

"काय झालं? काऊन वरडून राह्यली?"

"मामाजी, हौदात औषध पडलंय. भाग्या तेच पाणी प्यालीय."

"कुठचं औषध? ड्रम तिकडं बंडीवर हाय, हौद इकडं हाय. उडून आलं का?"

"निवळ्या बुडाल्या बघा."

त्यांनी हौदात पाहिलं आणि हसले. "ऐक वं," ते आत्याबाईंना म्हणाले, "आपली सायन्सवाली किड्यांसाठी रडून राह्यली. दवा माराचा दिवस हाय, वासानंच मरतेत थे."

"वासानं मेल्या असत्या तर मरून वर तरंगल्या असत्या. ह्या जित्या बुडतायत. पाण्यात शॅम्पू आहे. आत्याबाई, तुम्ही इथं काही धुतलं का? कपडे, डोकं?"

"मी काय धुतो इथं? माह्यं लुगडं मी घरी धुतो."

"मग शॅम्पू ड्रमातलाच. आणि शॅम्पूसोबत दुसरं जे आहे तेही."

मामाजींचा चेहरा बदलला. भीतीनं नाही, रागानं. सुनेनं, तेही बायकोसमोर, त्यांच्या कामात चूक काढली होती. "ह्याच हौदाचं पानी आमी रोज पेतो," ते म्हणाले. "बैलं पेतेत. पोट्टीले उगाच भेव घालू नको." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी भाग्याचा ग्लास हौदात बुडवला आणि घटाघटा प्यायले. वर आणखी अर्धा घेतला. "हे पाह्य. काय झालं मले?"

"मामाजी!" मी ग्लास ओढला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या हाताला हात लावला होता.

मी बंडीकडे धावले. पोतं उचललं. मोटारीचा पाईप ड्रममध्येच होता, तोंड पार खाली, दुधट पाण्यात बुडालेलं. आणि पाणी काठापासून हातभर उतरलेलं होतं. आतल्या अंगाला ओलसर फेसाची रेघ वर, आणि पाणी इतकं खाली.

"अहो!" मी सुरेंद्रांना ओरडून हाक मारली. "तुम्ही ह्यातून पंप भरला का?"

"नाही अजून. नोझलच बसून नाही राह्यलं."

"मग हे गेलं कुठं?"

मी पाईपावरून नजर हौदापर्यंत नेली. ड्रम वर, हौद खाली. लाइन गेली तशी मोटार थांबली, आणि बुडालेल्या पाईपातून ड्रममधलं पाणी आलं त्याच वाटेनं उलटं उतरलं. ते अडवायला मोटारीच्या पाईपाला खाली जी झडप असते ती आमची कधीचीच गळते. ती बदलायची म्हणून मागच्या पेरणीपासून नुसतं बोलणं चाललंय.

मामाजी बंडीपर्यंत आले. त्यांनी पाईपाकडे पाहिलं, मग हौदाकडे. "पाईप मी काढलाच नाही," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला. "लाइन येईन म्हनून तसाच ठेवला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला, जसं काही प्यालेलं तोंडावरच राहिलंय आणि पुसता येईल.

मी रुग्णवाहिकेसाठी एकशेआठला फोन लावला. गाडी यायला वेळ लागेल, पलीकडची बाई म्हणाली, जवळ वाहन असेल तर तुम्हीच निघा, उलटी करवू नका, औषधाची बाटली सोबत घ्या. आत्याबाई तोवर मिठाचं पाणी करायला ग्लास शोधत होत्या. "ओकून टाकू द्या वं तिले, पोटातलं निंगून जाईन."

"नाही! काही देऊ नका. काहीच नाही!"

"अवं पन..."

"आत्याबाई, पाया पडते तुमच्या."

सुरेंद्रांनी मोटारसायकल काढली. भाग्या मध्ये, मी मागे, माझ्या ओटीत रुमालात गुंडाळलेली बाटली. शेजारच्या शेतातल्या मोतीरामांनी त्यांच्या गाडीवर मामाजींना घेतलं. ते "मी ठीक हाय, पोरीले न्या" म्हणतच होते, पण चढताना त्यांचा पाय दोनदा चुकला. औषधानं की भीतीनं, कुणाला ठाऊक.

आदिलाबादपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी भाग्याला गप्प बसूच देत नव्हते. गाणं म्हण. शाळेतल्या टीचरचं नाव सांग. हे झाड कसलं? ती कंटाळली. "आई, तू काऊन विचारून राह्यली?" मग तिनं मान सुरेंद्रांच्या पाठीवर टेकवली आणि डोळे मिटले, आणि मी अशी किंचाळले की त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घातली. ती जागीच होती. ऊन डोळ्यांत जात होतं म्हणून मिटले होते.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होत्या. त्या आधी तेलुगूत बोलल्या, मग माझं तोंड पाहून हिंदीत. बाटली हातात घेऊन वाचली, भाग्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, छाती ऐकली. कधी प्यायली, किती प्यायली, हौद केवढा, ड्रममधून किती उतरलं? मी जे माहीत होतं ते सांगितलं, आणि जे माहीत नव्हतं तेही सांगायचा प्रयत्न केला. "पाण्यात औषध आहे हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी विचारलं. मी निवळ्यांचं सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "लवकर आणलंत. खूप पातळ झालेलं असणार. पण उद्यापर्यंत इथंच ठेवू. घाम, लाळ, झटके, काही दिसलं तर लगेच हाक मारा." त्यांनी धीर द्यायला सांगितलं असेल. मला त्यातले झटकेच ऐकू आले.

मामाजींना शेजारचाच पलंग मिळाला. त्यांना सलाईन लावली होती आणि ते दोनदा ओकले होते. त्यांचं अंग घामानं भिजलं होतं. मी भाग्याकडे बघत होते, त्यांच्याकडे बघायला मला फुरसत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. सुरेंद्र मोतीरामांसोबत परत गेले, हौद काट्यांनी झाकायला, बैल दुसरीकडे बांधायला आणि आजूबाजूच्या शेतांत सांगायला. मागाहून ऑटोनं आलेल्या आत्याबाई खिडकीपाशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

"सूनबाई," मामाजी म्हणाले. मी वळले नाही. "पोट्टी काई बोलली का?"

"झोपलीय."

"उठवून पाह्य ना जरा."

ते म्हणायच्या आधीच मी तिला तीनदा उठवलं होतं. नर्स रागावली होती, झोपू द्या म्हणाली होती. पण ते म्हणाले तसं मी पुन्हा उठवलं. भाग्यानं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि तोंड वाकडं केलं.

"आई, पाणी."

नर्सनं सीलबंद बाटली आणून ठेवली होती. मी झाकण फिरवलं, ते कटकन तुटलं. तरी हात पुढे जाईना. मी आधी स्वतः एक घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मग थांबले. काही होत नव्हतं. इतक्या लवकर काय होणार होतं, आणि नाही झालं तर त्यानं काय कळणार होतं?

"दे ना," भाग्या म्हणाली आणि दोन्ही हातांनी बाटली ओढून घेतली.

ती प्यायली. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. शेजारच्या पलंगावरून मामाजीही कोपरावर उठून तिथंच बघत होते.