न झालेल्या गोष्टीची साक्ष

केझाया टॉलिव्हरने तीन शहरांची नावं लिहून कागद फ्रीजवर चिकटवला, तिथेच तिचं चुकलं. तो कागद आपल्या खोलीत, दार लावून, उशीखाली ठेवायचा होता. पण सव्वीस वर्षांची इंजिनीअर मुलगी, तिला वाटलं, आता आपण मोठ्या झालो, घरात उघडपणे बोलावं. या बर्मिंगहॅममध्ये, तेही वर्लीन टॉलिव्हरच्या घरात, उघडपणे! हौस बघा पोरीची.

कागदावर अटलांटा, नॅशव्हिल आणि शार्लट अशी तीन नावं होती. प्रत्येकाखाली तिने काम कसलं, राहायला जागा कुठे, ओळखीचं कोण आणि आईच्या घरापासून गाडीने किती तास, हे नीट लिहिलं होतं. अटलांटा अडीच, नॅशव्हिल तीन, शार्लट सहा. वर्लीनबाई, म्हणजे तिची आई, रोज सकाळी दूध काढायला फ्रीजशी जायची आणि रोज एकेका शहराचा उद्धार करायची.

"अटलांटा? तिथे माणसं अर्धा जन्म गाडीत बसून काढतात. हायवेवरच म्हातारी होशील."

"बरं."

"नॅशव्हिलला तर जो तो गायला येतो. तुला चर्चच्या गायकवृंदातून काढलं होतं, आठवतंय ना?"

"मी पूल बांधायला चाललेय, आई. गायला नाही."

"आणि शार्लट! शार्लटला कोण राहतं गं? बँकवाले. त्यांच्या भाजीत ना मीठ, ना मांसाचा तुकडा. उपाशी मरशील."

एका सकाळी कागदावर लाल पेनाने चौथं नाव आलं होतं. 'घर. शून्य तास.' केझाया तेव्हा हसली. हसायला नको होतं.

चार वर्षं ती गावातल्याच एका कंपनीत जुने पूल तपासत होती. क्रेनच्या पाळण्यात उभं राहून पुलाच्या पोटाखाली जायचं आणि हातोडीने काँक्रीट ठोकत सुटायचं. चांगलं असेल तर खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं असेल तर बद्द वाजतं. बद्द वाजलं की खडूने गोल काढायचा आणि अहवाल लिहायचा. अहवाल कपाटात जायचा. पुढच्या वर्षी तोच पूल, तोच खडूचा गोल, फक्त थोडा मोठा. दुसऱ्यांनी बांधलेलं सडताना बघायचं आणि तारीख टाकायची, याला ती विटली होती. शार्लटच्या कंपनीत नवे पूल आखायचं काम होतं. कोऱ्या कागदापासून, तिच्या हाताने.

त्या गुरुवारी शार्लटहून पत्र आलं. जागा तुझी, सोमवारी दुपारी बारापर्यंत कळव. तिथला डॉरियन म्हणून एक इंजिनीअर, आमच्या चर्चमधल्या युनीसबाई बरेल यांचा भाचा, त्याने तिच्यासाठी शब्द टाकला होता. शुक्रवारी संध्याकाळी केझायाने फ्रीजवरच्या कागदावर शार्लटभोवती गोल काढला आणि आईला सांगितलं, "ठरलं."

वर्लीन भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

या 'बघू'ला केझायाने ओळखायला हवं होतं. लहानपणी कुत्रं मागितलं तेव्हाही 'बघू'च होतं.

रविवारी चर्च भरलेलं. वर्लीन आमच्या चर्चची मुख्य द्वारपाल. पांढराशुभ्र पोशाख, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीशी, उजवा दारापाशी. द्वारपालाने जागेवर असताना बोलायचं नाही, जागा सोडायची नाही आणि प्रार्थना चालू असताना हात आडवा धरायचा. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. एकदा महापौर उशिरा आले, तर त्यांनाही वर्लीनने दोन मिनिटं व्हरांड्यात उभं केलं होतं. बावीस वर्षांत या बाईने दार सोडलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी साक्षीची वेळ झाली आणि वर्लीन दार दुसऱ्या बाईच्या हाती देऊन मधल्या वाटेने पुढे निघाली.

आमच्याकडे साक्ष म्हणजे देवाने काय केलं ते उभं राहून सांगायचं आणि आभार मानायचे. त्यातही काही जण व्हायच्या आधीच आभार मानतात. गाठ अजून पोटात आहे, पण माणूस उभा राहून म्हणतो, मी बरा झालो. विश्वासाने असं बोलायचं असतं. लोक म्हणतात, आमेन. डॉक्टरचा कागद कुणी मागत नाही, मागूही नये. आणि साक्षीला आमेन नाकारायचं नाही, ही आमची रीत. आजारी माणसाला त्याने बळ येतं, मी पाहिलंय. पण या रीतीने कुणी आपल्या पोरीचे पाय बांधील, असं रीत घालणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

वर्लीनने माइक हातात घेतला.

"माझ्या केझायाला महापालिकेत नोकरी दिल्याबद्दल प्रभूचे आभार! माझी मुलगी माझ्याजवळ राहतेय, याबद्दल त्याचे आभार!"

"आमेन!" अख्खं चर्च गरजलं. शेजारच्या बाईने केझायाला मिठी मारली, मागून कुणीतरी पाठ थोपटली. केझायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महापालिकेत तिने साधा अर्जसुद्धा केला नव्हता! पण भरल्या चर्चमध्ये, माइकवर, आईला खोटं पाडायचं? दात आवळून ती बसून राहिली. चर्चमधल्या जेवणाच्या वेळी तिने तळलेली कोंबडी तशीच पानात ठेवली, आणि वर्लीन मात्र सगळ्यांना मक्याचा पाव वाढत हसत फिरत होती.

"कशाला बोललीस तू ते?" गाडीत बसल्या बसल्या केझायाने विचारलं.

"विश्वासाने बोलले."

"मी उद्या हो म्हणणार आहे शार्लटला."

"बघू," वर्लीन म्हणाली.

सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला, कामावर जाता जाता गाडी बाजूला घेऊन, केझायाने फोन लावला.

"अगं केझाया!" डॉरियन खुशीत होता. "आत्ताच तुझं नाव निघालं होतं. अभिनंदन!"

"थँक्यू. मी हो म्हणायलाच…"

"महापालिकेत लागलीस ना! काल आत्याचा फोन आला, आनंदाने नुसती ओरडत होती. मी म्हटलं, बिचारीला आता आपल्याला नाही म्हणायला जड जाईल. म्हणून मीच साहेबांना सांगून टाकलं. आठ वाजता दुसऱ्या मुलाला विचारलं. दहा मिनिटांत हो म्हणाला तो."

"मला बारापर्यंत मुदत होती, डॉरियन."

"होती गं. पण…" पलीकडे त्याच्या आता लक्षात येत होतं. "पण तुझ्या आईने चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. ते खोटं असेल असं कोण धरून चालेल?"

तो खरंच ओशाळला होता. म्हणाला, जागा गेली ती गेली, सही झाली. पण इथे पुलांची कामं करणाऱ्या आणखी तीन-चार कंपन्या आहेत, समोर असलीस तर मी घेऊन जाईन, सहा तासांवरून काही जमणार नाही. केझायाने फोन ठेवला. कामावर न जाता ती सरळ घरी गेली.

वर्लीन ओट्याशी कोलार्डच्या भाजीची पानं धूत होती. केझायाने दार इतकं जोरात आपटलं की फ्रीजवरचा कागद खाली पडला.

"गेली नोकरी! झालं समाधान?"

"कसली नोकरी?"

"वेड पांघरू नकोस! युनीसबाईंनी भाच्याला फोन केला. त्याने माझी जागा दुसऱ्याला दिली. तुझ्या साक्षीमुळे!"

वर्लीनने नळ बंद केला. "युनीसच्या पोटात काही राहत नाही."

"हे तुला माहीत होतं?"

"अख्ख्या चर्चला माहीत आहे."

"मी अख्ख्या चर्चला नाही विचारत. तुला विचारतेय. तिचा भाचा तिथे आहे, ती त्याला सांगणार, हे तुला माहीत होतं?"

वर्लीन पानं निथळवत राहिली. मग म्हणाली, "होतं."

केझायाला वाटलं होतं, आई नाही म्हणेल, शपथा घेईल, रडेल. 'होतं' ऐकल्यावर तिचा राग असा उसळला की तिला खुर्चीची पाठ घट्ट धरावी लागली.

"लाज नाही वाटली? देवाच्या नावाने? मी दहा वर्षांची असताना युनीसबाईंच्या झाडाचं एक पीच घेतलं, तर तू मला परत करायला पाठवलं होतंस. आणि तू माझं अख्खं आयुष्य उचललंस!"

"आवाज खाली."

"नाही करणार खाली! बोल, का केलंस?"

"का म्हणजे?" आता वर्लीनही भडकली. ओले हात तसेच कमरेवर गेले. "तुझा बाप दोन वर्षांसाठी म्हणून अटलांटाला गेला होता. दोन वर्षं! अडीच तासांवर! ख्रिसमसला येतो म्हणाला होता. कुठला ख्रिसमस ते सांगायचं राहिलं त्याचं. आणि तू सहा तास लांब जाणार. इथे मी कुणाशी बोलू? या फ्रीजशी?"

"बाबा गेला त्याची शिक्षा मला? मी त्याची मुलगी आहे तशी तुझीही आहे ना? मी फोन केला असता. मी आले असते. दर महिन्याला आले असते!"

"सगळे असंच म्हणतात."

"मग आता ऐक. नोकरी गेली. शार्लट नाही गेलं. मी जाणार."

"नोकरीशिवाय?"

"नोकरीशिवाय!"

"मूर्ख आहेस."

"असू दे. तुझीच आहे."

कंपनीला तिने त्याच दिवशी राजीनामा दिला. दोन आठवडे मायलेकी एका छपराखाली राहिल्या आणि एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नाहीत. वर्लीन दोघींचा स्वयंपाक करायची, केझाया बाहेरून खाऊन यायची. कॉलेजातली एक मैत्रीण शार्लटला परिचारिका होती, तिने आपल्याकडची रिकामी खोली देऊ केली. केझायाने खोकी बांधली, खोकी गाडीत रचली, आणि वर्लीन खिडकीतून बघत राहिली. कुणी कुणाला हात लावला नाही.

निघायचा दिवस रविवार होता. सरळ हायवेला लागता आलं असतं. पण केझाया चर्चला गेली. न झालेली गोष्ट तिच्या नावावर तिथे सांगितली गेली होती, ती तशीच टाकून ती जाणार नव्हती.

साक्षीची वेळ झाली तेव्हा ती उठली.

"मी केझाया टॉलिव्हर. महापालिकेत मला नोकरी लागलेली नाही. मी तिथे अर्जही केला नव्हता."

बायकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. युनीसबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"शार्लटची होती, ती या चर्चमधल्या एका साक्षीने गेली. तरी मी आज शार्लटला निघालेय. तेव्हा मीही आज आधीच आभार मानते. माझ्या आईला माझ्याशिवाय राहता येतं, याबद्दल प्रभूचे आभार. ती मला जाऊ देते, याबद्दल त्याचे आभार."

मग पहिल्या रांगेतले म्हातारे डीकन, म्हणजे चर्चचे कारभारी, खाकरले, "आमेन." मग इकडून एक आला, तिकडून एक आला, आणि बघता बघता चर्च भरलं त्याने. न म्हणून करतात काय? रीत ती रीत. केझाया मधल्या वाटेने मागे निघाली तोच पाळकांनी डोळे मिटून हात वर केले. "आपण प्रार्थना करू या."

दारात वर्लीन उभी होती. तिचा उजवा हात आडवा आला, पांढरा मोजा केझायाच्या छातीसमोर. केझाया थांबली. सहा वर्षांची असल्यापासून ती या हातापुढे थांबत आली होती. प्रार्थना लांबली. प्रवाशांसाठी, आजाऱ्यांसाठी, मागे राहणाऱ्यांसाठी. मायलेकी वीतभर अंतरावर उभ्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

पाळक आमेन म्हणाले. लोक म्हणाले. ऑर्गन सुरू झाला.

हात तसाच होता.

"आई," केझाया म्हणाली, "प्रार्थना संपली."

मागच्या बाकांवरची डोकी वळली. वर्लीनचा जबडा घट्ट होता, डोळे समोरच्या भिंतीवर. द्वारपालाने जागेवर बोलायचं नसतं. वर्लीन बोलली.

"तुझ्या साक्षीला माझं आमेन राहिलंय."

"मग म्हण."

"नाही म्हणणार," वर्लीन म्हणाली, आणि हात खाली घेऊन तिने दार उघडलं.