न पुसलेली निळी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी निळी रेघ आहे. कागदावर मला शोधू नका, सापडणार नाही. पाट्या बनवणाऱ्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर, चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये माझा मुक्काम आहे. पडद्याच्या कडेला मोजपट्टी असते, तिथून माउसने ओढलं की मी येते. अक्षरं मला धरून ओळीत लागतात. छापताना मात्र मी उमटत नाही.

तसं आमचं घराणं जुनं. माझी आजी म्हणजे निळीची पूड फासलेली दोरी. दुकानाच्या मालकांना सगळे पेंटरबाबा म्हणत. ते ती दोरी पाटीवर ताणून धरत आणि टणकन सोडत. उमटलेल्या रेघेला धरून ब्रशने अक्षरं लिहीत. रंग वाळला की ओल्या फडक्याने रेघ पुसून टाकत. रेघ राहिली तर काम अर्धवट, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे त्यांचा हात थरथरू लागला. एका गिऱ्हाइकाने पाटी परत आणली, त्या दिवशी बाबांनी ब्रश धुऊन ठेवले ते कायमचेच. मग नुसते दारात बसून राहत. लेकीला ते बघवेना. तिने त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं, मला ओढून दिलं आणि लोहचुंबकाचं बटण दाबलं.

"बाबा, अक्षर नुसतं जवळ न्या. पुढचं ती रेघ बघून घेईल."

अक्षर डगमगत आलं. केसभर अंतर उरलं आणि मी त्याला खेचून घेतलं. ते चटकन चिकटलं, अगदी सरळ! बाबांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "हात माझाच आहे ना गं?"

लेक हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

गंमत पुढेच आहे. काम संपल्यावर बाबांनी सवयीने ओलं फडकं घेतलं आणि मला पुसायला पडद्याची काच घासायला लागले! लेक पोट धरून हसली.

"अहो बाबा, ती छापली जात नाही. राहू द्या तिला."

"छे! अर्धवट काम मी देत नाही."

शेवटी मला पुसायची कळ त्यांनी शिकूनच घेतली. पाटी झाली की मी जायचे, नव्या पाटीला पुन्हा यायचे. लोक अक्षरांचं तोंडभर कौतुक करत. माझं नाव कोणी काढत नसे, पण आम्हा तिघांचं छान जमलं होतं.

गावभर पाट्या दिल्या, पण आमच्याच दुकानाला पाटी नव्हती. एकदा बाबांनी ती करायला घेतली. 'बाप' एवढं लिहिलं आणि उठले.

"पुढचं 'लेक' तू लिही. तुझं तू लिहायचं."

"उद्या लिहिते, बाबा."

त्याच रात्री बाबा आजारी पडले, ते दुकानात परत आलेच नाहीत.

तेव्हापासून मी त्याच पाटीत आहे. बाबांच्या हाताने ओढलेली शेवटची रेघ. लेक अधूनमधून ती पाटी उघडायची, बघत बसायची आणि बंद करायची. पाटी पुरी झाली की रेघ पुसायची असते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

परवा एक गिऱ्हाईक दारावर पाटी न दिसल्यामुळे पुढे निघून गेलं. लेकीने त्याला पाठमोरं पाहिलं. ती तडक आत आली, 'लेक' लिहिलं आणि माझ्याजवळ आणू लागली. आज तिचाच हात कापत होता. बाबांच्या अक्षरांना ओढायचे तसंच मी तिच्या अक्षरांना ओढून घेतलं. बाप आणि लेक एका ओळीत आले.

मग तिचं बोट पुसायच्या कळेवर गेलं. मी मनाची तयारी केली. पण बोट तिथेच थबकलं आणि मागे आलं. तिने ओलं फडकं पिळलं आणि बाबांसारखीच पडद्याची काच पुसली. धूळ तेवढी गेली. मी होते तिथेच राहिले.

मित्रांनो, आता ती पाटी दारावर लागली आहे. तिच्यात मी तुम्हाला दिसणार नाही. पण एखादी ओळ सरळ दिसली, तर तिला कोणीतरी धरून ठेवलं होतं, एवढं आठवा. आणि काम झालं म्हणून त्याला पुसायची घाई करू नका.