जिन्यातून परत फिरलेली जानमाज

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल की हे दाराजवळचं पायपुसणं असणार. वाटू द्या, मी रागावत नाही. माझ्या कडा विरल्या आहेत, मूळ रंग मलाही आठवावा लागतो, आणि वरच्या बाजूला वाटीएवढा भाग तर इतका झिजला आहे की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. पण पायपुसणं मी नाही. मी जुनी जानमाज आहे, म्हणजे जिच्यावर उभं राहून, वाकून, कपाळ टेकून नमाज पढतात ते कापड. पाय माझ्यावरही ठेवतात, पण धुऊन. एवढा फरक लक्षात असू द्या.

तो झिजलेला भाग कपाळाचा आहे. माणूस सजद्यात जातो, कपाळ जमिनीला टेकतो, तेव्हा त्याचं तोंड माझ्यापासून बोटभर अंतरावर असतं. जे बायकोला सांगत नाही ते तो तिथे पुटपुटतो. भिंतींना कान असतात असं तुम्ही म्हणता. मलाही असतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्टर म्हणत. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि वर जाणारा एक लाकडी जिना. वरच्या मजल्यावर मास्टरांचा धाकटा भाऊ राहायचा. तो मालाचा ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावरच असायचा. त्याच्या लग्नाचा कोट मास्टरांनीच शिवला. गडद हिरवं, जाड कापड होतं. कोट झाल्यावर जे उरलं, त्याला मास्टरांनी खालून अस्तर लावलं, वर पिवळ्या दोऱ्याने, नमाजेत काबेच्या दिशेला ठेवतात ती कमान काढली, आणि आईच्या हातात ठेवलं. ती मी.

अम्मींनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, ही कमान डावीकडे कलली आहे. माझी नमाज भलतीकडे गेली तर जबाब कोण देणार?"

"तो देईल," धाकटा म्हणाला. "कापड माझं, शिलाई भाईजानची, पुण्य तुझं. आम्हाला निदान चहा तरी दे."

तिघेही हसले होते. त्या घरातलं ते हसणं मी पुष्कळ वर्षं जपून ठेवलं आहे, कारण पुढे जपण्यासारखं फारसं काही हाती लागलं नाही.

अम्मी माझ्यावर वर्षानुवर्षं बसल्या. मग त्या आजारी पडल्या. मास्टर आणि त्यांची बायको दिवसरात्र झटली. धाकटा फेऱ्यांवर असायचा. यायचा, उशाशी बसायचा, पुन्हा जायचा. मास्टर तोंडाने काही बोलत नसत, पण नमाजेला उभे राहत तेव्हा त्यांचे पाय माझ्यावर जोरात पडत. एका पहाटे अम्मी गेल्या. धाकट्याचा फोन आला, "भाईजान, मी निघालोय. दिवस मावळायच्या आत पोचतो. माझ्यासाठी थांब."

गल्लीतले जाणते लोक म्हणाले, थांबायला हरकत नाही. मास्टर म्हणाले, "मय्यतीला उशीर करायचा नसतो." हा नियम खराच आहे, त्यामुळे पुढे कोणी बोललं नाही. दुपारच्या नमाजेनंतर अम्मींना दफन केलं. दिवस मावळण्याआधी गल्लीत ट्रक थांबला. इंजिन बंद करायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"आईला मूठभर माती द्यायचा माझा हक्क होता," धाकटा म्हणाला. "तो तू खाल्लास."

"नियम म्हणजे नियम. तुझ्या ट्रकसाठी तो थांबणार होता का?"

शब्दाने शब्द वाढला, आणि मग शब्दच संपले. त्यानंतर एकाच टाकीचं पाणी दोन्ही मजल्यांवर जात राहिलं, पण वरून खाली किंवा खालून वर एक अक्षर गेलं नाही. मी मास्टरांकडेच राहिले.

वर्षं गेली. मास्टरांची दाढी पिकली, आणि त्यांना हजला जायचा योग आला. मित्रांनो, हजचा प्रवास म्हणजे पेटी भरली आणि निघालो, असं नसतं. त्याचे अदब असतात, म्हणजे वागण्याच्या रीती. निघण्याआधी ज्याची वस्तू आपल्याकडे असेल ती परत करायची. ज्याला दुखावलं असेल त्याच्या दारात जाऊन माफी मागायची. कारण परत येण्याची खात्री कोणी देत नाही. त्याच्या बाबतीत चुकलेलं अल्लाह माफ करतो; पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करायचं असतं, असं जाणकार सांगतात. मधे वकील चालत नाही.

मास्टर कामाला लागले. शिंप्याकडे दुसऱ्याचं काय असणार? उरलेलं कापड! प्रत्येक शिंपी ते ठेवून घेतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक ते विसरून जातं. पण मास्टरांनी माळ्यावरची गाठोडी खाली काढली आणि तुकडे घेऊन दारोदार हिंडायला लागले. एक म्हातारी तर हातातला तुकडा पाहून म्हणाली, "मास्टर, हे माझ्या पोरीच्या शाळेच्या झग्याचं! तिची पोरगी आता शाळेत जाते."

"तरी तुमचंच आहे. बोलण्याचालण्यात काही चुकलं असेल तर माफ करा."

"माफ केलं. तिथे माझ्या गुडघ्यांसाठी दुआ मागा."

प्रवाशाची दुआ कबूल होते असं मानतात, म्हणून जो तो आपलं गाऱ्हाणं त्यांच्या पदरात टाकत होता. ज्यांना कधी दुखावलं नव्हतं अशांचीही माफी मागून झाली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याची झाली, पाणी सोडणाऱ्याची झाली. जिना मात्र राहिला होता.

निघायच्या दिवशी दुपारी मास्टरांच्या बायकोने मला घडी घालून त्यांच्या हातात दिलं.

"धाकट्या भाऊजींचं कापड राहिलंय," ती म्हणाली.

"ही अम्मीची आहे."

"शिवली अम्मींसाठी. कापड त्यांच्या कोटाचं. सगळ्या गावाच्या चिंध्या परत केल्यात, ही का ठेवताय? वर जा, हातात द्या, दोन शब्द बोला. ते नको म्हणाले तर परत आणा."

"मी चुकलेलो नाही."

"मग न्हाव्याच्या बाबतीत काय चुकला होतात?"

मला खांद्यावर टाकून मास्टर जिना चढू लागले. लाकडी जिना, प्रत्येक पायरी करकरत होती. अर्ध्यावर ते थांबले. वरच्या पायऱ्यांवर उजेड पडला होता, हे मला नीट आठवतं. एरवी तिथे अंधार असायचा. मी मनात म्हणत होते, चढा हो मास्टर, चार पायऱ्या तर राहिल्यात. त्यांचा हात कठड्यावर घट्ट झाला. मग ते हळूच म्हणाले, "परत आल्यावर बघू," आणि वळले.

खाली बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही," एवढंच म्हणाली, आणि मला त्यांच्या पिशवीत भरलं.

संध्याकाळी माझ्यावर त्यांनी प्रवासाची नमाज पढली. उंबऱ्यात उभं राहून बायकोला म्हणाले, "तुला अल्लाहच्या हवाली करतो. त्याच्याकडची ठेव हरवत नाही." गाडीत बसल्यावर प्रवासाची दुआ म्हटली. तिचा अर्थ असा की हे वाहन आमच्या ताब्यात देणारा तो पवित्र आहे, आमची काय ताकद होती, आणि शेवटी आम्हाला त्याच्याकडेच परत जायचं आहे. शेवटचं वाक्य सगळेच प्रवासी म्हणतात. ऐकत कोणी नाही.

तिथल्या मुक्कामाच्या खोलीत तिघेजण होते. तिघे प्रवासाला निघाले तरी एकाला अमीर, म्हणजे म्होरक्या, नेमावं अशी रीत आहे. अमीर झाला तो एक बेकरीवाला. मोठ्या आवाजाचा, पण मनाने साफ. एहरामची दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं नेसल्यावर मास्टरांची बोटं सवयीने शिवण शोधायला लागली, तेव्हा तो हसला. "मास्टर, जन्मभर दुसऱ्यांना शिवून दिलंत, आता तुम्हीच बिनशिवणीचे!" त्या वस्त्रांत भांडायचं नाही, अपशब्द काढायचा नाही, मुंगीलाही मारायचं नाही. मास्टरांनी सगळं काटेकोर पाळलं. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मग मोठ्या मैदानात उभं राहून दुआ मागायचा, हजचा मुख्य दिवस आला. ऊन असं की माझा दोरा न् दोरा तापला होता. लाखो माणसं हात पसरून उभी होती. मास्टरांनी एकेकासाठी मागितलं. म्हातारीचे गुडघे, न्हाव्याचं पोर, कुणालाही विसरले नाहीत. सगळ्यांचं मागून झालं, आणि ते सजद्यात गेले. बराच वेळ उठलेच नाहीत. माझा कपाळाचा भाग ओला झाला.

"या अल्लाह," ते पुटपुटले, "मी वाट पाहू शकत होतो. लोक थांबायला तयार होते. मला राग होता की आजारपण मी काढलं आणि तो माती द्यायला येणार. मी नियमाचं नाव घेतलं आणि राग काढला. माझा धाकटा भाऊ दारात रडत होता आणि मला बरं वाटलं. मला माफ कर. त्याला सांग, मला माफ कर म्हणून."

मित्रांनो, इतकी वर्षं मी हेच ऐकायला आसुसले होते. पण ऐकलं कोणी? अल्लाहने, आणि एका कापडाने.

मास्टर उठले. डोळे लाल झालेले पाहून अमीराने कमरपट्ट्यातला फोन पुढे केला. "घरी कोणाशी बोलायचं राहिलं असेल तर बोलून घ्या."

मास्टरांनी फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "फोनवर नको. परत गेल्यावर बोलेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी, गर्दीत चालता चालता ते खाली बसले. अमीराने डोक्यावर पाणी ओतलं, छत्री धरली, माणसं हाकारली. गाडी येईपर्यंत मास्टर गेले होते. पिशवी त्यांच्या गळ्यातच होती आणि मी पिशवीत होते. अमीराने मास्टरांच्या घरी पुन्हा पुन्हा फोन लावला, लागला नाही. तिथे कोणी कोणासाठी थांबत नाही. त्याच दोन पांढऱ्या वस्त्रांत, डोकं उघडं ठेवून, इतर कितीतरी जणांसोबत त्यांना दफन केलं. मय्यतीला उशीर करायचा नसतो.

त्यांच्या गल्लीतलं कोणी माती द्यायला नव्हतं.

काही आठवड्यांनी अमीर पिशवी घेऊन मास्टरांच्या घरी आला. दुकान बंद होतं, मशीनवर चादर होती. मास्टरांची बायको पडद्याआड बसली होती. धाकटा खाली आला. किती वर्षांनी तो त्या खोलीत आला होता, ते खोलीलाच ठाऊक. अमीराने सगळं सांगितलं. मग धाकट्याने विचारलं, "कधी माझं नाव काढलं का?"

मी पिशवीत होते. हो म्हण, हो म्हण, असं माझा धागा न् धागा म्हणत होता. पण अमीर नुकता हज करून आलेला माणूस, खोटं कसं बोलणार?

"माझ्यासमोर नाही," तो म्हणाला.

धाकट्याने मान हलवली. "बरोबर आहे. अम्मीची माती नाही मिळाली, याची कशी मिळेल?"

तेव्हा पडद्याआडून आवाज आला, "भाऊजी, त्यातली जानमाज तुमची आहे. निघायच्या दिवशी ते तीच द्यायला वर येत होते. अर्ध्या जिन्यातून परत फिरले."

"माहीत आहे," धाकटा म्हणाला. "पायऱ्या करकरल्या, मी ऐकलं. म्हणून तर दार उघडून बसलो होतो. मला वाटलं, अजून चार पायऱ्या चढेल."

"मग तुम्ही का नाही उतरलात?"

त्याने पिशवीतून मला काढलं, खांद्यावर टाकलं आणि तो जिना चढून गेला.

आता मी वरच्या मजल्यावर राहते. धाकटा माझ्यावर नमाज पढतो. कपाळ टेकतो ते नेमकं त्या झिजलेल्या जागी, जिथे त्याच्या आईचं टेकायचं, आणि मैदानात त्याच्या भावाचं टेकलं होतं. आणि रोज तेच पुटपुटतो, "भाईजान, मी माफ करायला बसलो होतो रे. तू मागितलीच नाहीस."

त्याने मागितली होती. इथेच, या जागेवर. हे मी त्याला कसं सांगू? देवाने मला कान दिले आणि तोंड द्यायचं राहून गेलं. रोज त्याचे अश्रू पुसणं एवढंच माझ्या हाती आहे, आणि तेही मी काय पुसणार, नुसती भिजते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, झटकून नीट घडी घालून ठेवा. मी म्हणत नाही. मी विरले तर विरेन, पुष्कळ झालं. पण तुम्हाला कधी कोणाची माफी मागायची असेल, तर ती माझ्या कानात सांगून मोकळे होऊ नका. माझ्यापाशी सांगितलेलं वर आभाळात जात असेल, पण वरच्या मजल्यावर जात नाही. त्यासाठी जिनाच चढावा लागतो. चढा. दार बहुतेक उघडंच असतं.