आईच्या पोटावरची ओळ

आई बोलायला लागली की तिच्या पोटावर, निऱ्यांच्या जरा वर, पांढऱ्या अक्षरांत सबटायटल्स उमटतात. माझ्या बाळंतपणासाठी ती बार्शीहून माँट्रियलला आली, तेव्हा विमानतळावरच हे सुरू झालं. "थंडी म्हणजे काय थंडी गं ही," ती म्हणाली. खाली ओळ आली: मला कुणी कधी ऊब दिली नाही.

ही लिहिण्याची पद्धत माझी होती.

नऊ वर्षांपूर्वी मी आईवर माहितीपट केला. त्यात ती शिलाई मशिनवर बसून सांगते, ब्लाउज शिवताना मी गाणी म्हणायचे, गल्लीतल्या बायका ऐकायला यायच्या, मजेत दिवस गेले. खाली मी इंग्रजीत लिहिलं: उपाशीपोटी शिवायचे, कुणी विचारलं नाही. इथल्या महोत्सवाच्या निवड समितीतल्या बाई माझा हात धरून रडल्या. त्या एका ओळीवर मला इथे दोन कथापट मिळाले आणि आणखी एक माहितीपट. आईला मी सबटायटल्स नसलेली प्रत पाठवली. "तुला काय करायच्यात त्या इंग्रजी ओळी," असं वर म्हणालेही.

ओळींचे नियम मला लवकर कळले. बघणाऱ्याला जी भाषा जवळची, तिच्यात ओळ दिसते. बाळाला तपासायला आलेल्या नर्सने ती फ्रेंचमध्ये वाचली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. मी खाली मान घालून दुपट्यांच्या घड्या घालत राहिले. बोलणाऱ्याला स्वतःची ओळ दिसत नाही. आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही, हे तर मला धंद्यातूनच ठाऊक. म्हणून आईला पांढरा गाऊन आणला.

"नर्सबाईच केलीस की मला," आई म्हणाली.

दोन दिवस बरे गेले. मग अक्षरांना बारीक काळी कड आली. ओळ उठून दिसावी म्हणून आम्ही सिनेमावालेही हेच करतो.

तेव्हापासून मी आई आणि रेवाच्या मध्ये उभी राहते. रेवा, माझी थोरली, सहा वर्षांची आहे. नुकतीच वाचायला लागलीय, दिसेल ते वाचते. आज सकाळी मी हळिवाची खीर ढवळायला वळले, तेवढ्यात आईने तिला गाण्यांची गोष्ट सांगितली.

"आज्जी, तू उपाशी असायचीस?"

"मी? चार चार भाकऱ्या हाणायचे. कोण म्हणतं?"

"तूच. पोटावर लिहिलंय तुझ्या."

आईने खाली पाहिलं, गाऊन झटकला. मग माझ्याकडे पाहिलं. "वृंदे, काय म्हणते गं पोरगी?"

रेवाही माझ्याकडे बघत होती.

"काही नाही, आई. खेळतीय ती."

माझ्या पोटावरून कोमट इस्त्री फिरल्यासारखं झालं. मी खाली पाहिलं, काही नव्हतं. मी पाळण्यातून बाळाला उचललं आणि पोटाशी घट्ट धरलं.

"आता बाळावर आलं," रेवा म्हणाली.

आई उठली. गळ्यातल्या दोरीचा चष्मा तिने नाकावर चढवला.

"मराठीतच आहे की," ती म्हणाली. "हलू नकोस."

आणि सुईखाली कापड सरकवण्याआधी करायची तशी, तिने दोन बोटांनी दुपट्याची चुणी सरळ केली.