चार मिनिटांची तक्रार

दोन ऑक्टोबरला सकाळी इओलांदा काझाली ठेवणीतला कोट घालून घराबाहेर पडली, ती देशाच्या माजी प्रमुखाचे आभार मानायला. माजी म्हणजे आदल्या दिवशी दुपारपर्यंत आजी. आमच्या सान मारिनोत दर सहा महिन्यांनी दोन नवे राज्यप्रमुख बसतात आणि मुदत संपली की दोघेही उठून आपापल्या कामाला लागतात. कुणी दवाखान्यात जातं, कुणी दुकानात. हा जो क्विंतो सेल्वा, तो पोस्टमन. साठ जणांच्या सभेवर निवडून आला, सभेनं त्याला राज्यप्रमुख केलं, सहा महिने सगळा देश त्याला 'महामहीम' म्हणाला आणि आता तो पुन्हा पत्रं वाटणार होता. यात आम्हाला काही नवल वाटत नाही. एवढासा डोंगर, त्यावर कुणा एकालाच वर बसवून ठेवलं तर बाकीच्यांनी उभं तरी कुठं राहायचं?

धुकं होतं. आमच्या तितानो डोंगरावरच्या तीन बुरुजांपैकी एकही दिसत नव्हता, मग खालचा समुद्र दिसायची बातच नको. इओलांदाचं वय चौऱ्याहत्तर आणि गुडघे तिच्याहूनही म्हातारे, तरी सभाभवनाकडे जाणाऱ्या पायऱ्या ती न थांबता चढली. त्यातल्या जवळजवळ निम्म्या दगडी पायऱ्या तिच्या नवऱ्याच्या, सेत्तिमिओच्या हातच्या होत्या. तो पाथरवट. चाळीस वर्षं त्यानं गावाच्या पायऱ्या घडवल्या, बसवल्या, झिजल्या की बदलल्या. आणि दर एक एप्रिलला नि एक ऑक्टोबरला, नवे प्रमुख मिरवणुकीनं सभाभवनात जायच्या दिवशी, पहाटे उठून त्यानं त्या स्वतः धुतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. धुऊन झालं की हा कोपऱ्यावर टोपी काढून उभा. "एकशे साठ जणांना टोपी काढली मी," असं तो जेवताना सांगायचा, "त्यातल्या दहा-बारांनीच मान हलवली असेल."

या एप्रिलला मात्र सेत्तिमिओला उठता येत नव्हतं. फुप्फुसात दगडाची भुकटी बसलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. इओलांदानं त्याचा पलंग खालच्या खोलीतल्या खिडकीपाशी ओढला, म्हणजे निदान मिरवणूक दिसेल. पुढं झेंडे, मग काळ्या मखमलीच्या पोशाखात दोन नवे प्रमुख आणि त्यांच्या मागं शिपाई नि बँड. क्विंतो खिडकीसमोर आला आणि थांबला. मागचे शिपाई एकमेकांवर आदळायचे बाकी राहिले.

क्विंतोनं मखमली टोपी काढली आणि म्हणाला, "काय सेत्तिमिओ, आज पायऱ्या धुतल्या नाहीस?"

"धुतल्या असत्या तर तू घसरून पडला असतास, महामहीम," सेत्तिमिओ आतून म्हणाला. बोलताना धाप लागली, पण बोलला.

क्विंतो टोपी हातात धरून तसाच उभा राहिला आणि सगळं प्रजासत्ताक त्याच्या मागं उभं राहिलं. भिंतीवरच्या घड्याळात चार मिनिटं गेली. मग तो पुढं गेला. सेत्तिमिओ त्यानंतर तीन आठवडे जगला आणि त्या तीन आठवड्यांत त्यानं ही गोष्ट प्रत्येक येणाऱ्याला सांगितली. नर्सला तर दोनदा.

त्या चार मिनिटांबद्दल आभार मानायचे होते. क्विंतोला घरी बोलावून मानता आले असते, पण इओलांदाला ते कागदावर हवे होते, सरकारच्या कागदावर. नवऱ्यानं घडवलेल्या एकाही दगडावर त्याचं नाव नव्हतं. निदान एका कागदावर असावं, एवढंच तिचं मागणं.

सभाभवनात अर्ज घ्यायच्या खिडकीत फिओरेल्ला बसली होती. तिनं कागद वाचला नि चष्मा काढून ठेवला.

"इओलांदाकाकू, हे घेता येणार नाही हो मला."

"का? अक्षर वाईट आहे?"

"अक्षर मोत्यासारखं आहे. पण हे आभार आहेत. मुदत संपलेल्या प्रमुखांबद्दल इथं तीन दिवस फक्त तक्रारी घेतात. त्यांनी काय चुकीचं केलं, काय करायचं राहून गेलं, असलं काही असेल तर सांगा."

"म्हणजे शिव्या घालायला खिडकी आहे आणि चांगलं बोलायला नाही?"

"चांगलं बोलायला लोक येतच नाहीत काकू. तुम्हीच पहिल्या."

"मग तो तक्रारीचा कागद दे इकडे."

"अहो पण..."

"दे म्हटलं ना! हे गुडघे घेऊन मी परत खाली जायची नाही."

छापील कागदावर तीन रकाने होते. पहिला, तक्रार कुणाविरुद्ध. तिनं लिहिलं, क्विंतो सेल्वा. दुसऱ्या प्रमुख, सेर्रावाल्ले गावच्या डॉक्टरीणबाई, त्याही थांबल्या होत्या. पण त्या क्विंतोमुळं थांबल्या, म्हणून त्यांना तिनं उदार मनानं वगळलं. दुसरा रकाना, काय केले. 'एक एप्रिलला मिरवणूक चार मिनिटे अडवून सेत्तिमिओ काझाली या आजारी पाथरवटाला टोपी काढली.' तिसरा रकाना होता, तक्रारदाराचे झालेले नुकसान. इथं ती अडली. पेन्सिल चावली. मग लिहिलं, 'मी रडले.'

फिओरेल्लानं शिक्का उचलला, जरा वेळ हवेत धरला आणि मग मारला.

इओलांदा हलक्या पायांनी खाली आली. वाटेत ग्विदोचं तंबाखूचं दुकान. ग्विदो बँडमधला सर्वात मोठा कर्णा वाजवतो आणि बाकी वेळ गावाच्या बातम्या वाजवतो. तिनं त्याला सगळं हसत हसत सांगितलं. ग्विदो हसला नाही.

"तुम्ही क्विंतोवर तक्रार केलीत?"

"तक्रार कसली, आभार आहेत ते. नुसता कागद तक्रारीचा."

"अहो बाई, कागद तक्रारीचा म्हणजे तक्रारच! आता त्याला तीन न्यायाधीशांसमोर उभं करतील. किती वर्षांत कुणा प्रमुखावर एकही कागद आला नाही माहीत आहे? कोरी वही घेऊन घरी जाणं म्हणजे काय असतं! क्विंतोच्या आईनं त्यासाठी रोज मेणबत्ती लावली, सहा महिने. सगळ्या देशात त्याच्यावर तक्रार करणारी एक व्यक्ती निघाली, आणि ती तुम्ही!"

इओलांदा दुकानातल्या पोत्यावरच बसली.

"तसा मी करणार होतो तक्रार," ग्विदो जरा नरमून म्हणाला. "चार मिनिटं म्हणे! तो कर्णा माझ्या खांद्यावर होता, खांद्याला विचारा, दहा झाली असतील. पण म्हटलं जाऊ दे. सेत्तिमिओसाठी होतं."

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ज्या माणसानं आपल्या नवऱ्याचे शेवटचे दिवस गोड केले, त्याच्या कोऱ्या वहीवर आपणच शाई सांडली. ती तशीच परत पायऱ्या चढली, पण खिडकी जेवणासाठी बंद झाली होती. पाटीवर लिहिलं होतं, तक्रार मागे घ्यायची असेल तर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत, तक्रारदाराच्या सहीनं. म्हणजे वेळ होता. पण आधी क्विंतोला तोंड दाखवायला हवं होतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती.

तोंड दाखवायला तिला कुठं जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा वाजता क्विंतो पत्रं घेऊन दारात हजर. निळा सदरा, पोस्टाची टोपी, खांद्याला पिशवी. आमच्या देशात बातमी पायऱ्या उतरत नाही, गडगडत येते, त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं हे तिला त्याच्याकडं बघताच कळलं.

"विजेचं बिल," तो म्हणाला.

"क्विंतो, बाळा, मी मूर्ख बाई आहे."

"बिल जास्त आलंय का?"

"थट्टा करू नकोस रे! मला आभार मानायचे होते. आज दुपारी जाते आणि ती तक्रार मागं घेते. तुझी वही कोरीच राहील, शपथ घेते."

क्विंतो उंबऱ्यावर टेकला. सहा महिने रेशमी पायमोजे घालून त्याच्या पायांना पुरळ उठलं होतं, ते तो खाजवत बसला. पलंग अजून खिडकीपाशीच होता. हलवायला तिचा हात झाला नव्हता.

"काकू, मागं घेऊ नका."

"अरे, वेडा की काय तू? आईला काय सांगशील?"

"आईला सांगून झालंय. आधी दोन शिव्या दिल्या, मग म्हणाली, सेत्तिमिओनं आपल्या दारातली पायरी फुकट बसवून दिली होती." तो पिशवीचा पट्टा चाळवत राहिला. "सहा महिने मी काय केलं, सांगू? दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सह्या केल्या. दुसऱ्यांनी लिहिलेली भाषणं वाचली. इकडं बघा, तिकडं वळा, हात वर करा. माझ्या स्वतःच्या डोक्यानं मी एकच गोष्ट केली, ती ही चार मिनिटं. तुम्ही कागद मागं घेतलात तर ती कुठंच राहणार नाही. आणि सेत्तिमिओचं नावही."

इओलांदानं पदर डोळ्यांना लावावा तसा एप्रन डोळ्यांना लावला.

"पण लोक काय म्हणतील तुला?"

"म्हणू देत. त्यांची पत्रं आता माझ्याच हातात आहेत," क्विंतो म्हणाला आणि उठला.

चार तारखेला पाच वाजेपर्यंत इओलांदा घड्याळाकडं बघत घरीच बसली. चार वाजता एकदा कोट घातला, पुन्हा काढून ठेवला. पाचाचे ठोके पडले तेव्हा तिनं उठून तो कपाटात नीट टांगला.

सुनावणी नोव्हेंबरात झाली. छोटी खोली, तीन न्यायाधीश, आणि बाहेर ग्विदोसकट अर्धा गाव, कारण फुकटचा तमाशा आम्ही सोडत नाही. मधल्या न्यायाधीशांनी तक्रार मोठ्यानं वाचली. तिसऱ्या रकान्यापाशी ते थांबले, पाणी प्यायले आणि मग वाचलं, "नुकसान. मी रडले."

कुणी हसलं नाही.

डॉक्टरीणबाईंना साक्षीला बोलावलं होतं. "तो थांबला म्हणून मी थांबले," त्या म्हणाल्या. "मी एकटी पुढं गेले असते तर अर्धं प्रजासत्ताक पुढं आणि अर्धं मागं, अशी पंचाईत झाली असती."

मग क्विंतोला विचारलं, मिरवणूक अडवली हे खरं का?

"खरं आहे."

"कारण?"

"त्यांनी एकशे साठ जणांना टोपी काढली होती. कुणीतरी एकदा परत काढायला हवी होती. नेमका माझा नंबर लागला."

"तक्रारदार बाईंना आणखी काही म्हणायचंय?"

इओलांदा उठून उभी राहिली. घरून भाषण पाठ करून आली होती, ते सगळं विसरली. "साहेब," ती म्हणाली, "माझ्यासारख्या बाईनं देशाच्या प्रमुखावर कागद लिहिला आणि तुम्ही तिघांनी तो बसून वाचलात. मला या देशाचे आभार मानायचे आहेत. त्याला खिडकी नाही म्हणतात, म्हणून इथंच मानते." आणि ती खाली बसली. न्यायाधीशांनी कारकुनाकडं पाहिलं. कारकून लिहीत होता.

निकालाची प्रत डिसेंबरात आली. सरकारी लखोटा, सही घेऊनच द्यायचा. तो घेऊन आला कोण, हे सांगायला नको. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, आत बडीशेप भरून भाजलेल्या सशाचा वास सुटला होता. इओलांदानं दारातच लखोटा फोडला, पण चष्मा सापडेना.

"तूच वाच," ती म्हणाली.

"माझाच निकाल मीच वाचू?"

"मग काय ग्विदोला बोलावू? वाच मुकाट्यानं."

क्विंतो उंबऱ्याबाहेर उभा राहून वाचू लागला. वर तारीख, मग न्यायाधीशांची नावं, मग कलमं, ती त्यानं भराभर उरकली. पुढं त्याचा आवाज हळू झाला. "एक एप्रिल रोजी राज्यप्रमुख मिरवणूक थांबवून, या नगरीच्या पायऱ्या चाळीस वर्षे घडवणारे पाथरवट..."

इथं तो थांबला. कागद एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं पोस्टाची टोपी काढली. मग वाचलं, "...सेत्तिमिओ काझाली यांच्या खिडकीसमोर चार मिनिटे उभे राहिले. यात कोणताही दोष आढळत नाही."

त्याच्या केसांवर बर्फ पडत होतं. तो टोपी घालेना. भिंतीवरचं घड्याळ तिच्या पाठीमागं होतं, तिनं वळून पाहिलं नाही.

शेवटी तिनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि पोचपावतीवर सही केली. "आत ये," ती म्हणाली, "ससा गार होतोय."