बापाच्या कार्डावर

अण्णांनी चौतीस वर्षं ट्रक चालवला. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले, तेव्हा घरी बसले. त्यांचं चालक-कार्ड मात्र अजून दोन वर्षं चालणार होतं. गाडीतल्या यंत्रात ते सरकवलं की कोण किती तास चालवतोय याची नोंद व्हायची. नऊ तास झाले की थांबायचं, असा नियम. थोरला मुलगाही ट्रकच चालवायचा. त्यानं ते कार्ड मागितलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "कशाला रे?"

"कंपनीत जमा करायचंय." अण्णांनी पुढं काही विचारलं नाही.

महिन्याभरानं, एका दुपारी वाहतूक खात्याच्या तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या.

"सकाळी अकराला गाडी बसथांब्यात घुसली. रस्त्यावर ब्रेकची एक खूण नाही. थांब्यावरच्या एका बाईंचा पाय कापावा लागलाय. तुमचा मुलगा गाडीबाहेर सापडला, त्याला फक्त खरचटलंय, पण कोण चालवत होतं ते तो सांगत नाही. आणि यंत्र म्हणतंय, गाडी तुम्ही चालवत होतात. उद्या जबाब द्यायला या."

त्या गेल्यावर अण्णांची बायको म्हणाली, "हो म्हणा. तुमचं काय राहिलंय आता? त्याची पोरं लहान आहेत."

अण्णा दवाखान्यात गेले. थोरला भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"किती तास झाले होते?"

"सतरा. माझे नऊ भरले. मालक म्हणाला, म्हाताऱ्याचं कार्ड घाल आणि नीघ. अण्णा, डोळे उघडे होते माझे. पण थांबा दिसलाच नाही."

पाय गेलेली ती बाई शेजारच्या वॉर्डात होती. अण्णा दाराशी घुटमळले. उशाशी बसलेल्या तिच्या बहिणीनं विचारलं, "कोण पाहिजे?"

काय सांगावं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. "गाडी घातली त्याचा बाप," ते म्हणाले. बहिणीनं पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंसमोर त्यांनी सगळं सांगितलं. "कार्ड कशाला हवंय ते मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच पुन्हा विचारलं नाही. आम्ही कागदावर तास लिहायचो तेव्हा मीही खोटेच लिहायचो. माझं नशीब, कुणी आडवं आलं नाही."

थोरल्याचा परवाना पाच वर्षांसाठी गेला. मालकावर खटला उभा राहिला. अण्णांनाही कार्ड दिल्याबद्दल शिक्षा झाली, वयामुळं दंडावर भागलं. थोरला आता गोदामात खोकी उचलतो. राहतो त्याच घरात, पण बापाशी अवाक्षरही बोलत नाही. तो जेवायला बसला की त्याला नीट घास उतरावा म्हणून अण्णा बाहेर ओट्यावर जाऊन बसतात.

एकदा बायकोनं विचारलं, "तेव्हा हो म्हणाला असतात तर?"

अण्णा म्हणाले, "तर तो आजही गाडीवर असता."

"आणि घरात बोलत असता," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.