गाठ मी दिली नव्हती

मी एक जुनं हेल्मेट आहे. लाल, चरे पडलेलं, पण ताठ! मित्रांनो, काळेवाडी ते चाकण, चित्राचं डोकं रोज मीच सांभाळलं. माझ्याशिवाय कंपनीच्या गेटातून तिची स्कूटर आत सोडत नसत. केवढा माझा रुबाब!

मग तिच्या डोक्यावर, केसांखाली गाठ आली. झालं, आळ माझ्यावर! तिच्या सासूबाई इंदुताई म्हणाल्या, "हे मेलं हेल्मेटच घासतंय." नवं हेल्मेट आलं, मी खुंटीला. गाठ मात्र वाढतच गेली. अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी!

शेवटी गाठ काढून तपासली. कॅन्सर निघाला, तोही दुसरीकडून पसरलेला. मूत्रपिंडातही डाग दिसला. मूळ कुठं ते कळेना, आणि त्याशिवाय औषध ठरेना. इंदुताई मला पुरावा म्हणून दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. "आजी, हेल्मेटनं कॅन्सर होत नाही. चित्रा, आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"नाही," चित्रा म्हणाली.

मी तिच्या माहेरापासूनचं, मला सगळं ठाऊक होतं. तिच्या गळ्यावर बारीक व्रण होता, माझा पट्टा रोज तिथंच टेकायचा. लग्नाआधी माहेरी, राजगुरुनगरला, थायरॉइडची गाठ काढलेली. साधीच आहे, असं तिथले डॉक्टर म्हणाले होते. "सासरी चकार शब्द काढायचा नाही," आईनं बजावलं. ठुशीखाली व्रण झाकून लग्न ठरलं. सासरी सांगितलं, लहानपणी तार लागली. मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो!

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. चित्रानं सासूकडं पाहिलं आणि ठुशी काढून ठेवली.

"झालंय. थायरॉइडचं. मी लपवलं. घराबाहेर काढलंत तरी चालेल आई, पण मला जगायचंय!"

इंदुताईंनी ठुशी उचलली. मग कडाडल्या, "अगं बये, बाहेर कोण काढतंय? लोकांच्या तोंडापायी मरायला निघालीस होय?"

त्या धाग्यावरून पुन्हा तपासलं. थायरॉइडचाच कॅन्सर, डोक्याच्या कातडीत आणि मूत्रपिंडात जाऊन बसलेला! उरलेली ग्रंथी काढली, औषध सुरू झालं. पूर्ण बरी नाही अजून, पण कामावर जाते. नवं हेल्मेट टोचतं म्हणून मलाच खाली उतरवलंय.

परवा शेजारच्या सावित्रीबाईंनी हटकलं, "गळ्यावर काय गं झालं?"

चित्राआधी इंदुताईच बोलल्या, "कॅन्सरचं ऑपरेशन. सून लढतेय माझी. आणखी काही विचारायचंय?"

मित्रांनो, तुमचं डोकं मी सांभाळीन. पण डॉक्टरांपुढं तोंड तुम्हीच उघडायला हवं!